मागच्या सीटवरचा पूलवाला

मागे येऊन बसलेल्या माणसाने खांद्यावर दोन थापा मारल्या, तशी बेकरीवालीने मोटारसायकल पेट्रोल पंपाबाहेर काढली. मागे आपला दादाच, दुसरं कोण असणार? वर्षातून एकदा बेकरीला कुलूप लावायचं, दादाला मागे बसवायचं आणि डोंगरातल्या गावांमधून मनसोक्त भटकायचं, हा तिचा शिरस्ता. दादा गणिताचा मास्तर. गाडीवर बसला की डोळे मिटून पाढे म्हणायचा आणि वळण आलं की भीतीने नेमका उलट्या बाजूला झुकायचा. सांगून सांगून तिची जीभ झिजली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आज मात्र नवल घडलं. पहिल्या वळणावर गाडी डावीकडे कलली आणि मागचा माणूसही तिच्याबरोबर कलला... अगदी अलगद. दुसरं वळण, तिसरं वळण – तेच. लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी घाट उतरत होती. दोन्ही अंगांना सूर्यफुलांची शेतं, खाली दरीत चकाकणारं तळं, आणि वाऱ्याला ओल्या गवताचा वास. दादाला एकदाची अक्कल आली म्हणायची, असं पुटपुटत ती हेल्मेटच्या आत एकटीच हसली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दाजी, थांबा, थांबा. पूल बघा."

दादाला दाजी कुठून आठवला? तिने करकचून ब्रेक लावला. मागचा उतरला. दोघांनीही हेल्मेट काढलं. समोर एक उंच, सावळा, धुळीने माखलेला तरुण आ वासून उभा होता.

"तुम्ही... दाजी नाही."

"आणि तुम्ही दादा नाही."

आता दोष कुणाला द्यायचा? पंपावर शेजारी उभ्या असलेल्या दोन्ही गाड्या धुळीने सारख्याच रंगल्या होत्या, जाकिटंही मळकी, आणि त्याचे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, असा काडीपहिलवान की पाठमोरा कुणीही वाटावा.

"खरं सांगू? मला शंका आली होती," कानाची पाळी चोळत तो म्हणाला. "दाजी एवढी सुरेख गाडी चालवत नाहीत."

"मग हाक कशाला मारलीत?"

"खात्री करून घेतली."

"आणि शंका आली तेव्हाच का नाही उतरलात?"

"सुरेख चालली होती ना..."

बाईसाहेबांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट गाल तापले, म्हणून तिने घाईघाईने पुलाकडे बोट दाखवलं. "त्यात बघण्यासारखं काय आहे एवढं?"

पूल तपासणं हा त्याचा धंदाच होता. हातोडी घेऊन पुलांच्या पोटाखाली शिरायचं, दगड ठोकून आवाज ऐकायचा आणि पूल धडधाकट आहे की नाही ते ठरवायचं. "या कमानीत ना चुना ना सिमेंट," तो म्हणाला. "नुसते दगड एकमेकांना रेटून उभे आहेत."

"म्हणजे भांडत?"

"भांडत भांडत टिकलेला संसार म्हणा."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी, देव जाणे.

मागून दाजी आणि दादा आले. दोघेही बेहद्द खूश. दाजींची गाडी बैलगाडीशी शर्यत लावून हरणारी, त्यामुळे दादाने जन्मात पहिल्यांदा डोळे उघडून डोंगर बघितले होते. पूलवाला रजेवर घरी निघाला होता, त्याचं गाव यांच्याच वाटेवर होतं. तेव्हा मागच्या सीटांची ही अदलाबदलच बरी, असं ठरलं.

मग काय, दोन दिवस नुसती चंगळ. तो मागून दाखवायचा – ती मेंढरं बघा, तो ढग बघा – आणि ती आरशात बघायची, तर हा तिच्याकडेच बघत असायचा. तिला तो आवडला. फार आवडला. आणि म्हणूनच धास्ती वाटायला लागली.

कारण तिचं एकदा लग्न ठरलं होतं. तो मुलगाही हौसेने मागे बसायचा. पण त्याच्या गावाची वेस आली की म्हणायचा, 'आता मी चालवतो, लोक काय म्हणतील.' दोन-तीनदा ती मुकाट्याने उतरली. मग एकदा त्यालाच उतरवलं आणि लग्न तिथेच मोडून आली. गावाबाहेर एक आणि गावात दुसरा असा नवरा नको, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पूलवाल्याच्या गावाची वेस आली. दाजींनी गाडी शेजारी आणली.

"मेव्हणे, आता माझ्या मागे या. आई दारात असेल. आणि आपल्या गल्लीला किती डोळे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

तो उतरला.

हाही तसलाच निघाला. ओठ घट्ट मिटून तिने इंजिन बंद केलं आणि समोरच्या शेताकडे बघत बसली. तो चार पावलं लांब जाऊन फोनवर बोलत होता.

"आई, पोचतोच आहे. नाही गं, दाजींच्या मागे नाही... हो, मुलगीच चालवते. पडत कसला, दाजींपेक्षा बरी चालवते. तू दारात उभी राहा आणि तिला नीट बघून घे. माझं बघून झालंय. आता विचारायचं तेवढं राहिलंय."

दाजींनी आकाशाकडे बघितलं. दादाने पाढे सुरू केले.

"काय विचारायचं राहिलंय?" तिने विचारलं.

"ऐकलंत?"

"ऐकावं म्हणूनच मोठ्याने बोललात."

तो जवळ आला. "कुठला पूल किती वजन पेलेल ते सांगू शकतो मी. तुमच्या मनाचं मात्र काही कळत नाही. मला तुम्ही... मला तू हवी आहेस. लग्न करशील माझ्याशी?"

"तू उतरलास तेव्हा जीव गेला होता माझा," ती म्हणाली.

"का?"

"सांगेन सावकाश. जन्म पडलाय. बस आता."

तो लगबगीने बसला. पुढे रस्त्याला दोन फाटे होते. एक गावाबाहेरून सरळ त्याच्या गल्लीत जाणारा, दुसरा भर बाजारातून.

"कुठून घेऊ?"

"बाजारातून," तो म्हणाला. "आणि अगदी हळू चालव."