टाळीची जागा

त्या सकाळी तलाव उन्हाने काठोकाठ भरला होता. पोहण्याच्या हंगामाचा पहिला दिवस. काठावर रंगीत पंचे पसरले होते, होड्या एकमेकींना धक्के देत होत्या आणि होड्यांचा कारभार सांभाळणारी माझी आत्या तिकिटांपेक्षा टोमणेच अधिक वाटत होती. धरणाची तपासणी माझ्याकडे होती. पायथ्याशी बसून मी पाझराच्या पाण्याने काचेचा पेला भरला. मातीचे धरण थोडे पाझरतेच. पाणी नितळ असेल तोवर भय नसते. गढूळ झाले, तर ते धरणाची माती पोटातून वाहून नेत असते. मग तलाव रिकामा करावाच लागतो.

पाणी नितळ होते.

दरवर्षी या दिवशी सारे लोक धरणाच्या माथ्यावर ओळीने नाचत: तीन ठेके, एक टाळी. यंत्रे नव्हती तेव्हा पूर्वजांनी याच ठेक्यावर पायांनी धुम्मस करून, माती तुडवून, धरणाचा भराव दाबला होता म्हणे. माथा खचू लागला होता, म्हणून यंदा मी नाच बंद केला.

"तुला इंजिनिअर केलं ते आम्हाला गप्प बसवायला का गं?" आत्या म्हणाली.

"आत्या, धरण म्हातारं झालंय."

"मग म्हाताऱ्याचे पाय दाबायचे की नाहीत?"

सगळे हसले. मीही हसले.

दुपारी भरावावर हात टेकला, तेव्हा तळव्याला आतून मंद धक्के जाणवले. होड्या असतील, असे मी ठरवले. मग पेला भरला.

पाणी मातकट होते.

"बाहेर या! सगळे टेकडीवर चला!" मी ओरडले आणि तलाव रिकामा करण्याच्या, पायथ्याच्या झडपेकडे धावले. चाक फिरवले की हा तलाव, या होड्या, आत्याचे सारे आयुष्य चिखल होणार होते.

वरून तिचा आवाज आला, "जायचंच तर नाचत जाऊ या! चला रे!"

ओल्या पावलांची रांग माथ्यावरून निघाली. तीन ठेके, टाळी. मुले किंचाळत होती, म्हातारे ताल चुकवत होते, आणि एवढा निखळ आनंद मी त्या भरावावर कधी पाहिला नव्हता. रांग टेकडीवर पोहोचली. तिथे हशा पिकला, डबे उघडले गेले. धरणावर कोणीच उरले नाही.

मी पुन्हा पेला भरून दगडावर ठेवला.

नितळ. अगदी नितळ.

तरीही हात चाकावरच होता.

पेल्यात एक वलय उठले.

दुसरे. तिसरे.

मग पाणी निश्चल झाले. कोणीतरी श्वास रोखून धरावा तसे.

ती टाळीची जागा होती.

चाक सोडून मी टाळी वाजवली.

आत, मातीत, पाय पुन्हा हर्षाने पडू लागले. तीनदा. आणि माझ्यासाठी थांबले.