गुनवोरने भरलेला तक्ता

पाहुण्यांच्या देखत इल्वाने खुर्चीवर प्लास्टिक अंथरलं आणि म्हणाली, "आई, तू इथेच बस."

कॉफीचे कप हातातल्या हातात थबकले... गुनवोर मुकाट्याने बसली. समोर तिचा नवरा, राग्नार, दालचिनीच्या पावाचे तुकडे करत राहिला. त्याने मान वर केली नाही. कोणत्या तोंडाने करणार? सोफा भिजवला होता त्याने, आणि "माझंच झालं गं ते," असं लेकीला सांगत दोन वर्षं त्याची लाज स्वतःच्या अंगावर घेत होती ती! अर्ध्या हर्नेसांद गावाला पोहायला शिकवलेला मास्तर तो. त्याची पँट ओली होते हे गावाला कळलं तर तो जिवंतपणी मरेल, असं त्या माउलीला वाटे. म्हणून इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीत तिने आपल्या नावाने जास्तीच्या पाळ्या लावल्या, शेजारणींचे टोमणे गिळले, आणि पोटच्या पोरीची किळससुद्धा सोसली.

शेवटी वैतागून इल्वानेच तिला दवाखान्यात नेलं. नर्सने तक्ता दिला. दोन दिवस लघवी किती वेळा, किती, कधी गळली, रंग कसा, सगळं लिहायचं. गुनवोरने लिहिलं ते राग्नारचं. औषध आपल्या नावावर मिळेल, गोळ्या गुपचूप त्याला देऊ... काय ही वेडी माया! हिवाळ्यापासून अधूनमधून लाल दिसत होतं, तेही तिने इमानाने नोंदवलं.

तिला तपासून डॉक्टरीणबाईंनी तक्त्यातल्या 'लाल' या शब्दावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही. हे रक्त कुणाचं आहे?"

तिने नाव सांगितलं. पंधरा दिवसांत निदान आलं. मूत्राशयाचा कर्करोग, हाडांपर्यंत पोचलेला. लाल दिसलं तेव्हाच आले असते तर पुष्कळ करता आलं असतं म्हणे.

इस्पितळाच्या खाटेवरून राग्नार लेकीला म्हणाला, "तुझी आई निर्दोष आहे गं. भिजत होतो मी, आणि बोलणी तिला खाऊ देत होतो."

इल्वा आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहिली. गुनवोर तिची पाठ थोपटत होती. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

"तुझ्यावर कसला राग, बाळा," ती म्हणाली. "मी झाकलं नसतं, तर तो वाचला असता."