शेजारच्या राजाची मागणी

पडद्यावर अक्षरं उमटली आणि तिचा माउसवरचा हात जागच्या जागी थांबला. ‘शेजारच्या राजाने तुम्हाला मागणी घातली आहे. स्वीकारा किंवा नाकारा.’

ती गारच पडली.

एरवी ती बालवाचनालयाची ग्रंथपाल. महिन्यातून एकदा मात्र या ऑफिसात यायची, कारण नवे व्हिडिओ गेम मुलांच्या हाती जाण्याआधी इथे तपासले जात. दोन परीक्षकांनी दोन खोल्यांत बसून एकमेकांशी खेळायचं आणि घरच्यांनी मुलांबरोबर खेळावा असा गेम आहे का, ते लिहून द्यायचं. आजचा गेम राज्य चालवण्याचा होता. शेती करा, किल्ले बांधा, तह करा... आणि शेजारचा राजा म्हणजे पलीकडच्या खोलीतले गणिताचे सर. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसच्या दारातच दोघांची टक्कर झाली होती. तेव्हापासून सर तिच्या मनातून हलायला तयार नव्हते, पण बोलणं काही हवापाण्याच्या पुढे सरकत नव्हतं.

आणि आज एकदम मागणी?

तिची कानशिलं तापली. मग परीक्षक जागी झाली. ऐन लढाईत दहा वर्षांच्या पोरीला असं कुणी विचारलं तर? ती तडक उठून त्यांच्या खोलीत गेली.

“सर, ही मागणी कसली?”

ऐकून सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. “मॅडम, मी... मी गहू मागितला होता.”

त्यांच्या पडद्यावर गव्हाच्या चित्राखाली खरंच बटण होतं, ‘मागणी घाला’. भाषांतर करणाऱ्याने घोळ घातला होता. ती हसली, पण हसता हसता आत काहीतरी खचलं. म्हणजे आपली कानशिलं गव्हासाठी तापली होती तर! स्वतःचाच राग आला तिला. तिथेच उभ्याने तिने फॉर्म भरायला घेतला. ‘मुलांसाठी योग्य. एक शब्द बदलावा.’ पुढचा रकाना दोन्ही राज्यांच्या धान्यसाठ्याचा होता. तिने सरांच्या पडद्याकडे पाहिलं आणि पेन थबकलं.

गहू, नऊ हजार पोती.

“सर, तुमची कोठारं तर ओसंडून वाहताहेत.”

सर टेबलाकडे बघत राहिले. “हो. आणि... तो शब्दही मी वाचला होता, मॅडम. तीनदा बोट मागे घेतलं. चौथ्यांदा दाबलं.”

फॉर्म तसाच हातात घेऊन ती आपल्या खोलीत परतली. अक्षरं अजून तशीच होती. तिने ‘स्वीकारा’वर क्लिक केलं. तिच्या राज्यातला उरलासुरला गहू गाड्यांत भरून पलीकडे निघाला.

भिंतीपलीकडे खुर्ची धाडकन पडली. पाठोपाठ सर दारात.

“मॅडम, तुमचं राज्य उपाशी मरेल.”

“मग काय, आता आमचं जेवणखाण तुमच्याकडे.”

सरांची नजर तिच्या हातातल्या फॉर्मवर गेली. “तो शब्द... बदलायलाच सांगणार?”

“मुलांसाठी बदलायलाच हवा,” ती म्हणाली. “आपलं काम झालंय.”