जादा मैल

हिलरीने सकाळीच गाडी धुऊन काढली आणि आरशाला टांगलेलं सुवासिक कागदी झाड कचऱ्यात टाकलं. परत द्यायची गाडी, तिला वास कशाला हवा? शाळेच्या स्वयंपाकघरात हंडे उचलून तिचे खांदे आधीच भरून आले होते. पण आज कर्जवाल्या कंपनीचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला की सगळ्यातून मोकळी, एवढ्या आशेवर ती चाकांची माती खरवडत बसली.

गाडी तिने आईसाठीच घेतली होती. आईचं, एडनाचं, सगळं आयुष्य हल बंदरातल्या मासळी कारखान्यात गेलं. डाव्या हाताची करंगळी तिथल्या यंत्राने अर्धी नेली आणि शेवटी पायही गेले. रविवारचं जेवण उरकलं की म्हातारी कोट चढवून खुर्चीत तयार. हिलरी तिला पाठुंगळी घेऊन गाडीपर्यंत नेई आणि आई तिच्या खांद्यांना अशी घट्ट धरी की बोटांचे वळ उठत. मग ऑल्डब्रोच्या कड्यावर समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे तळलेले काप कागदातून खायचे, थर्मासमधला चहा प्यायचा. शेजारी अशाच चार गाड्या, आणि उतरत कोणीच नसे.

"जरा बाहेर बसूया का, आई?"

"वेड लागलंय? वारा कसला झोंबतोय! इथूनच दिसतोय की समुद्र." काचेवर वाफ धरली की एडना तळव्याने ती पुसायची आणि हटकून म्हणायची, "तू नाही आणलंस तर मला कोण आणणार गं?"

हिलरी थर्मासचं झाकण लावी. खरं सांगायचं तर त्या रविवारांचा तिला वीट आला होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी आई गेली तेव्हा ती रडली, आणि पुढच्या रविवारी दिवसभर झोपली. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

गाडी तेव्हापासून दारात उभी होती. शाळेला ती बसने जाई. अर्धे हप्ते भरून झाले होते, म्हणजे कायद्याने गाडी परत देऊन हात झटकता येत होते. तिने तसं कळवलं. पाहणीला माणूस येऊन गेला आणि मागाहून जादा मैलांचं बिल आलं. करारात ठरले होते त्याहून कितीतरी जास्त मैल गाडी चालली होती म्हणे.

"अहो, गाडी जागची हललेली नाही," ती फोनवर म्हणाली.

"मीटरचा आकडा तर हललाय, बाई," पलीकडची मुलगी म्हणाली. "आकडा स्वतःहून चालायला जात नाही."

शेजारच्या केनला हे कळलं तेव्हा तो खो खो हसला. सुट्टीत गाडीमागे ओढत न्यायचं त्याचं चाकांवरचं घर हिवाळ्यापुरतं ठेवायला जागा हवीच होती. ते त्याने हिलरीच्या गाडीसमोर आडवं लावलं आणि चाकाला कुलूप ठोकलं.

"आता भूत आलं तरी आधी माझ्याकडे किल्ली मागेल," तो म्हणाला. "आणि जाणार कुठे? ऑल्डब्रोची ती गाड्या लावायची जागासुद्धा समुद्राने गिळली. मागच्या वादळात गेली."

हिलरी हसली. पण दर सोमवारी बसला निघताना चाकांकडे बघायची तिला सवय लागली. चाकांना तपकिरी, चिकट माती असे. तशी माती कड्याखेरीज कुठे नव्हती. ती हे कोणाला बोलली नाही. बोलून सांगणार काय?

डेल नावाचा तो पाहणीवाला दुपारी आला. जाडजूड, बोलका माणूस. केनच्या चाकांवरच्या घराला वळसा घालून तो अंग चोरत गाडीत शिरला, आकडा वाचला, मग मागच्या पाहणीचा आकडा बघितला; तो बराच मागे होता.

"हे घर कधीपासून इथे आहे?"

"तुम्ही मागे येऊन गेलात त्याच आठवड्यापासून."

डेलने कुलपाचा गंज बघितला. त्या घराच्या चाकांखाली वाढलेलं गवत बघितलं. मग तो शेजारच्या आसनाकडे वाकला.

"आतून पुसली होतीत ना?"

"सकाळीच."

त्या बाजूच्या काचेला आतून वाफ धरली होती. मधोमध एक तळवा फिरला होता. करंगळीची खूण अर्धीच होती.

डेलने बाहीने काच पुसली. घाईघाईने.

"मीटर बिघडलाय असं लिहितो," तो म्हणाला. "जादा मैलांचं बिल रद्द. तुम्ही सुटलात, बाई." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. गाडी स्वतः चालवत न नेता त्याने मोठा ट्रक मागवला. केनने कुरकुरत आपलं घर बाजूला घेतलं. ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हिलरी दारात उभी होती. मग ती आत आली आणि तिने चहा टाकला. तिला खरोखरच हलकं वाटत होतं.

रविवारी ती जेवली, भांडी तशीच ठेवली आणि खुर्चीत आडवी झाली. लगेच डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाय ठणकत होते.

सपाता ओल्या होत्या. तपकिरी माती घोट्यांपर्यंत आली होती.

ती उठायला गेली, आणि पाठीतून कळ आली. घरभर व्हिनेगरचा वास होता.

तिने स्वेटर उतरवून उजेडात धरला. दोन्ही खांद्यांवर ओल्या हातांचे ठसे होते, घट्ट धरल्यासारखे. डाव्या खांद्यावरची करंगळी अर्धी होती.