अकरा खळगे

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ते नाणं लोर्ना हॅव्हरस्टिकच्या टेबलावर परत आलं. तीन वर्षांनी.

लँकेस्टरमधल्या या कचेरीत जुन्या नाण्यांचा दर्जा ठरतो. तीन परीक्षक एकमेकांशी न बोलता नाणं पाहतात, आकडा देतात, मग ते प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. तांब्याचं काम सगळ्यांत किचकट. तांबं ओल धरतं, घाम धरतं, हिरवं पडतं, त्याला खळगे पडतात. अशा नाण्याला आधी ठशाच्या उठावाचा आकडा द्यायचा आणि मग पृष्ठभागाच्या खोडीबद्दल त्यातून वजा करायचं. लोर्नानं हे काम चोवीस वर्षं केलं होतं. गेली तीन वर्षं मात्र नाही.

कारण हेच नाणं. १७९९चा एक सेंट. त्या सालचा सेंट दुर्मीळ, म्हणून लबाड लोक १७९८मधला आठ कोरून नऊ करतात. या नाण्याच्या नेमक्या शेवटच्या आकड्यावर तीन खळगे होते. लोर्ना म्हणाली, अस्सल. मुख्य परीक्षक ड्वाइट ऑस्टरहाउट म्हणाला, कोरलेलं. तिसरा ड्वाइटच्या बाजूनं गेला. नाणं मालकाकडे परत गेलं आणि लोर्ना नव्या चांदीच्या नाण्यांच्या टेबलावर गेली, जिथे सगळीच नाणी चकचकीत असतात आणि जाणत्या डोळ्यांचं काही काम नसतं.

आता मालकानं, निवृत्त पोस्टमन व्हर्नन क्रीबेल यांनी, अर्जावर लिहिलं होतं : 'हॅव्हरस्टिकबाईंनीच पाहावं.'

ड्वाइट दारात टेकून उभा होता. "बघ बाई, बघ. पण या वेळी चुकलीस, तर परत तांब्याचं नाव काढायचं नाही."

"आणि तू चुकलास तर?"

"तर अख्ख्या कचेरीला शूफ्लाय पाय, तो काकवीचा गोड केक. माझ्या हातचा."

"म्हणजे शिक्षा आम्हालाच."

तो हसत गेला. लोर्नानं जुनी वही उघडली. तेव्हा तिनं नाण्याचा नकाशा काढून ठेवला होता. स्वातंत्र्यदेवीच्या गालावर तीन खळगे, मानेवर पाच, शेवटच्या नवावर तीन. एकूण अकरा.

तिनं भिंग लावलं. नवावरचे तीन होते. बाकीचे आठ नव्हते.

वजन केलं. दहा पूर्णांक एकसष्ट ग्रॅम, वहीत होतं तेवढंच. कडेचा चरा तोच, केसांतली साच्याची भेगही तीच. खळगे कोणी बुजवले असते, तर सूक्ष्मदर्शकाखाली भर दिसली असती. तिथे टांकसाळीतल्या ठोक्यानं धातू कडेकडे सरकल्याच्या बारीक रेषा होत्या, अखंड. त्या कोणालाही नंतर उमटवता येत नाहीत.

तिनं फोन लावला. "मिस्टर क्रीबेल, नाणं कोणाकडे साफ करायला दिलं होतं?"

"छे हो! बँकेच्या लॉकरात होतं. दर नाताळात काढून बघतो. दर वर्षी त्या बाईचा चेहरा जरा बरा दिसतो. आमची मंडळी म्हणतात, तुमची नजर म्हातारपणी सुधारतेय!"

लोर्ना हसली नाही. तिला एक गोष्ट आठवली, जी तिनं कोणाला सांगितली नव्हती. जुने तांबेवाले अंगठा नाकाच्या कडेला घासत आणि ते तेल तांब्यावरून एकदाच फिरवत. तिचे वडीलही तेच करत. परीक्षकाला ते मना आहे. ज्याचा निवाडा करायचा, त्याला काही लावायचं नाही. तीन वर्षांपूर्वी, ड्वाइटशी भांडण झाल्यावर, तिनं ते केलं होतं. अंगठा गालावरून मानेपर्यंत गेला होता. आकड्यापर्यंत नाही.

तिनं उजवा अंगठा उजेडात धरला. तीन हिवाळे तो खरखरीत होता. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. कचेरीच्या दाराचं, अंगठ्याच्या ठशावर उघडणारं यंत्र त्याला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ओळखायचं.

मग तिनं अंगठा नाकाला लावला आणि नवावरून फिरवला.

तांबं ऊन लागलं.

दीड वाजता आकड्यावर दोन खळगे होते.

अडीच वाजता एक.

साडेतीनला फक्त नऊ होता. गोल, भरीव, साच्यातून आलेला. आठाची कुठे खूण नाही.

ड्वाइटनं अकरा मिनिटं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. मग तो उठला, खोलीच्या मधोमध आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सतराशे नव्याण्णव. अस्सल. लोर्नाचं बरोबर होतं, मी चुकलो होतो."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. क्रीबेल फोनवर रडले. "माझे वडील खरं आहे, खरं आहे म्हणत गेले हो, आणि आम्ही सगळे हसायचो!" संध्याकाळपर्यंत तांब्याच्या टेबलावरचा जुना दिवा पुन्हा लोर्नाचा झाला. तिनं तो तीनदा लावून पाहिला.

निघताना ड्वाइट हळूच म्हणाला, "मी तेव्हाचा फोटो काढून बघितला. खळगे गेले कुठे?"

"दर्जा नाण्याला देतात, ड्वाइट. फोटोला नाही."



बुधवारी आठ पन्नासला दार उघडलं नाही. तिनं सात वेळा अंगठा टेकवला. शेवटी ड्वाइटनं आतून दार उघडून तिला आत घेतलं. तो शूफ्लाय पाय घेऊनच आला होता, कडा करपलेला. लोर्नानं दोन तुकडे खाल्ले. सगळे तिच्याच टेबलाभोवती होते.

दहा वाजता दुरुस्तीवाला आला. यंत्रात दोष नाही, म्हणाला. यंत्र अंगठा वाचतंय, पण हा अंगठा त्याच्या नोंदीत नाही.

सगळे कामाला गेल्यावर लोर्नानं तो जुना दिवा जवळ ओढला आणि भिंग अंगठ्यावर धरलं. मधोमध तीन. खाली पाच. टोकाला तीन, कालचे, अजून कोरे करकरीत. मग वहीतला नकाशा शेजारी ठेवला.

तिनं नवीन पान उघडलं. तारीख घातली, वेळ घातली. उठावाचा आकडा लिहिला आणि पुढे वजाबाकीची खूण केली.

त्यापुढची जागा अजून कोरी आहे.