नाक्यावरचा पांढरा माणूस

उन्हबंदीचा भोंगा वाजून थोडा वेळ झाला आणि जकात नाक्यावरचा पांढरा माणूस पुन्हा पडद्यावर हजर झाला.

"आला तुझा पाहुणा," केंद्राचे प्रमुख लांडेसाहेब म्हणाले.

हर्षाली गेडामने हातातला चहा तसाच खाली ठेवला. इरईनगरच्या उष्मारक्षण केंद्रात ती कॅमेऱ्यांची दुरुस्ती पाहायची आणि गेले काही दिवस या एका कॅमेऱ्याने तिला अगदी जेरीला आणलं होतं.

विदर्भातल्या माणसाला उन्हाचं अप्रूप सांगू नये हे खरं, पण अलीकडे उन्हानेच ताळ सोडला होता. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत रोज सकाळी अकरापासून पाचपर्यंत घराबाहेर थांबायला बंदी. दारं लावायची, एका खोलीत गारवायंत्र चालवायचं आणि सगळ्या घराने त्याच खोलीत निमूट बसायचं. तरीही कोणी बाहेर अडकलाच तर त्याला शोधायला चौकाचौकांत खांबांवर उष्माचित्रक बसवले होते. साध्या भाषेत, उजेडाऐवजी उष्णता पाहणारे कॅमेरे. त्यांच्या चित्रात गरम ते पांढरं आणि थंड ते काळं. दुपारी जमीन इतकी तापायची की पडद्यावर सगळं शहर पांढरंफटक दिसे आणि जिवंत माणूस त्यावर काळा उठे. माणसाच्या आकाराची कोणतीही आकृती काही मिनिटं एका जागी थांबली की घंटा वाजायची आणि बर्फाच्या लाद्या घेऊन गाडी धावायची. बाहेर पडलेल्या माणसाचा जीव त्या घंटेवर अवलंबून होता.

नाक्यावरचा माणूस मात्र काळा नव्हता. भिंतीला टेकून, पाय जवळ घेऊन, मान किंचित कलती ठेवून तो बसला होता, आणि तापलेल्या सिमेंटपेक्षाही पांढरा होता.

"ह्याच्या अंगाचं तापमान किती निघतं?" लांडेसाहेबांनी विचारलं.

"साठच्या पुढे."

"म्हणजे माणूस शिजला. आणि गाडी पोहोचली की तिथे शिजलेला सोडा, कोणीच नसतं! रोज!" त्यांनी कपाळाला हात लावला. "हसण्यावारी नको नेऊ, हर्षाली. काल गाडी त्या नाक्यावर होती आणि तिकडे गोदामापाशी सिलिंडरवाला पोरगा पडला. थोडक्यात वाचला. उद्याचा वाचेलच असं नाही. आज तो कॅमेरा नीट कर, नाहीतर चित्रातला तेवढा चौकोन झाकून टाक. संध्याकाळपर्यंत मला तुझी सही हवी."

चौकोन झाकायचा म्हणजे काय ते हर्षालीला चांगलं ठाऊक होतं. त्या जागेपुरता कॅमेरा कायमचा आंधळा होणार. उद्या तिथे खरंच कोणी येऊन पडलं तर ते कुणालाच कळणार नाही, आणि त्याखाली सही तिची असेल.

*

गाडी बंडूभाऊ उईके चालवायचे. नाक्यावर पोहोचताच त्यांनी सवयीने मोडक्या जकात नाक्याच्या ओसरीला एक फेरी मारली.

"कोनी नाही मॅडम. भूत असन तर ते बी घरात जाऊन झोपलं."

थंडजाकीट चढवून हर्षाली शिडीवर चढली. आधी भिंग. साधी काच आपल्याला आरपार दिसते, पण उष्णतेला ती भिंतीसारखीच, म्हणून या कॅमेऱ्यांची भिंगं जर्मेनियमची असतात. फार नाजूक. तिने फुंकणीने धूळ उडवली, मऊ फडक्याने पुसलं, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं काढलं. जाळ्यावर ऊन पडलं की कधीकधी भलतंच काही दिसतं, म्हणून तिला क्षणभर वाटलं, सापडला चोर. तिने हातातल्या छोट्या पडद्यावर पाहिलं. पांढरा माणूस जागेवरच होता.

तिने कडेचं रबर तपासलं, वायरीचे जोड काढून घट्ट बसवले. शेवटी डोकं वळवावं तसा तो कॅमेरा जरासा वळवला. माणूसही ओसरी सोडून बाजूच्या भिंतीवर सरकला आणि तसाच, मान कलती ठेवून, हवेत बसला. कॅमेरा परत जागेवर आणला तर तोही मुकाट ओसरीवर.

म्हणजे तो ओसरीवर नव्हताच. तो कॅमेऱ्यातच कुठेतरी होता. पण कॅमेऱ्यात माणूस कसा बसेल? तेही असा गुडघे जवळ घेऊन? सेन्सर जळला तर डाग पडतो, रेघ पडते. डागाला गुडघे कशाला असतील? हर्षालीला काही म्हणता काही कळेना. उन्हापेक्षा त्या न कळण्यानेच तिचं डोकं जास्त तापलं.

दोघं परतीच्या वाटेला लागले आणि लांडेसाहेबांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"शाब्बास! गेला! चित्र एकदम स्वच्छ!"

"पण साहेब, मी काहीच केलं नाही."

"काहीतरी केलंच असशील. माणसाने इतकं विनयशील असू नये."

*

बिघाड आपोआप गेला की लांडेसाहेबांना समाधान वाटे, आणि हर्षाली नेमकी तेव्हाच तो शोधायला बसे. हा तर रोजच असा जायचा, आणि बंदी संपायच्या सुमाराला परत यायचा. केंद्रात येताच तिने डॉ. निर्मला धोटे यांना पडद्यावर बोलावलं. कॅमेऱ्यांचं सगळं सॉफ्टवेअर त्यांनीच बांधलं होतं.

"स्वशुद्धी," सगळं ऐकून धोटेबाई म्हणाल्या. "बघ, सेन्सरवर हजारो बारीक ठिपके असतात. उन्हात प्रत्येक ठिपका आपापल्या परीने बहकतो, कोणी जास्त गरम सांगतो, कोणी कमी. पूर्वी आत एक झडप असायची. ती मधूनमधून समोर यायची आणि कॅमेरा तिच्याकडे बघून स्वतःला सुधारायचा. पण आपल्या उन्हात झडपा अडकायला लागल्या."

"म्हणून काढल्या."

"हो. त्याऐवजी कॅमेऱ्याला शिकवलं की जग बदलत असतं, तुझा दोष बदलत नाही. एकाच जागी, एकाच आकारात, दिवसेंदिवस जे दिसतं ते बाहेरचं नव्हे, तुझ्याच डोळ्यातलं. ते वजा कर."

"आणि भिंती? त्याही हलत नाहीत."

"कॅमेरा बसवतानाच त्याला भिंतींची ओळख करून दिली आहे. त्यानंतर जे नवं आणि स्थिर, ते दोष. आता रस्त्यावर लोक असताना शिकवलं तर घोळ होईल, म्हणून हे शिक्षण आणि ही वजाबाकी फक्त उन्हबंदीत चालते. तेव्हा रस्ते रिकामेच असतात."

हे शेवटचं वाक्य धोटेबाई अगदी सहज बोलून गेल्या. कोणालाही त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नसतं.

हर्षाली मात्र हळूहळू बोलू लागली. "मॅडम, समजा तिथे एक थंड आकृती होती. कॅमेऱ्याने तिला दोष समजून तेवढी उष्णता चित्रात भरून टाकली. मग आकृती निघून गेली, तर..."

"तर भरलेली उष्णता उरेल. तोच आकार, पण गरम. तुझा पांढरा माणूस." धोटेबाई चपापल्या. "पण माणूस असता तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली असती."

"तो फाल्गुनात येऊन बसला असेल तर? तेव्हा जमीन अंगाइतकीच गरम असते. माणूस जमिनीवर उठूनच दिसत नाही. मग ऊन रोज थोडंथोडं वाढलं, फरकही रोज थोडाथोडा वाढला..."

"आणि कॅमेरा तो रोज थोडाथोडा वजा करत गेला," धोटेबाईंनी वाक्य पुरं केलं. मग घाईने विचारलं, "ही आकृती दुपारी जाते ती कशी? विरत विरत की एकदम?"

"एकदम."

"विसरून जायला कॅमेऱ्याला कित्येक दिवस लागतात, हर्षाली. आकृती एकदम पुसली जाऊच शकत नाही. एकदम भरली मात्र जाऊ शकते, कोणी त्याच जागी येऊन बसलं तर."

हर्षालीने आजचं चित्रण मागे नेलं. घंटा नसेल तेव्हाचं चित्र कोणी कधी पाहतच नसे. ओसरीवर पांढरा माणूस बसला होता. चित्राच्या कडेने एक काळी आकृती आली, डुलत डुलत चार पावलं चालली, पांढऱ्या माणसापाशी वळली आणि त्याच्यात बसली. दोघंही नाहीसे झाले. ओसरी रिकामी.

"ती आत्ता रिकामी दिसते आहे," हर्षाली ओरडली, "म्हणजे आत्ता तिथे कोणीतरी आहे!"

"अगं, घंटा कुठे वाजली आहे? घंटेशिवाय गाडी..." लांडेसाहेब म्हणू लागले, तोवर ती जिन्यात होती.

*

ओसरीवर एक म्हातारी बसली होती. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, मान कलती. डोक्यावरचं ओलं फडकं केव्हाच वाळून कडक झालं होतं.

"घाम बंद झाला इचा," तिच्या कपाळाला हात लावून बंडूभाऊ म्हणाले. त्यांनी तिला लहान मुलीसारखी उचलली आणि गाडीत बर्फाच्या लाद्यांमध्ये निजवली.

बऱ्याच वेळाने म्हातारीने डोळे उघडले. नाव सुगंधाबाई नगराळे, घर मागच्याच गल्लीत.

"मावशी, घर असताना इथे कशाला बसता हो?" हर्षालीला राग आवरेना, आणि रडूही.

"पोराचं लगन झालं माघात," म्हातारी अडखळत म्हणाली. "थंड खोली एकच. दारं लावून तिघं जन येकाच खोलीत, सहा घंटे? ते काही म्हनत नाही बापा. मलेच लाज वाटते. जेवन झालं का मी म्हनतो, जातो मैतरनीकडं. नळाच्या टायमाले वापस जातो."

"आणि आमची गाडी रोज येते ती?"

"मी खिडकीतून पायतो ना. गाडी येऊन गेली का मंग येतो. बसलो का हालत नाही, हाललं तं जास्त गरम होते." तिने खांबाकडे नजर टाकली. "तो कॅमेरा काही म्हनत नाही मले. मले वाटलं, त्यानं मले सूट देली."

म्हणजे ती नसताना कॅमेरा तिच्या नावाने बोंबलत होता आणि ती आली की गप्प बसत होता. चौकोन झाकला असता तर ते बोंबलणंही बंद झालं असतं.

*

सुगंधाबाईंना दवाखान्यात पोहोचवून हर्षाली केंद्रात परतली तेव्हा बंदी संपायला अजून अवकाश होता. लांडेसाहेबांनी उठून तिला खुर्ची दिली. त्यांना अपराध्यासारखं झालं होतं.

"नाक्याच्या कॅमेऱ्याचं शिक्षण पुसून टाकते," पडद्यावरून धोटेबाई म्हणाल्या. "उद्यापासून कोरा."

"मॅडम, बाकीच्या कॅमेऱ्यांत हेच सॉफ्टवेअर आहे?"

"सगळ्यांत हेच."

"सुटलो म्हणायचं," लांडेसाहेब म्हणाले. "दुसरीकडे कुठे पांढरा माणूस दिसलेला नाही."

हर्षाली त्यांच्याकडे वळली. "साहेब, पांढरा माणूस कधी दिसतो?"

"माणूस उठून गेला की."

"आणि बंदी लागण्याआधीच येऊन बसला आणि बंदी संपेपर्यंत उठलाच नाही, तर?"

धोटेबाईंनी कोणाची परवानगी विचारली नाही, सगळ्याच कॅमेऱ्यांचं शिक्षण पुसायला घेतलं. त्यांचा हात कळफलकावर फिरताना दिसला आणि भिंतीवरचे सगळे पडदे एकदम मिटले.

ते पुन्हा उघडले तेव्हा शहर तेच होतं. रेल्वे पुलाखाली, बाजार समितीच्या शेडमागे, बसस्थानकाच्या पायऱ्यांच्या आडोशाला, बंद पडलेल्या गिरणीच्या दाराशी, पडद्यामागून पडद्यावर काळ्या आकृत्या बसल्या होत्या. काही एकेकट्या, काही एकमेकींना टेकून. एक अगदी लहान होती, दुसरीच्या मांडीवर. कोणीही हलत नव्हतं. सुगंधाबाईंना परत जायला घर होतं, म्हणून त्यांचा बिघाड दिसला. यांचा दिसण्यासारखा नव्हता.

"हे लोक... हे कधीपासून..." लांडेसाहेब पुटपुटले.

घंटेला लागणारी काही मिनिटं गेली. मग पहिली घंटा वाजली. तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि पुढे कोणती घंटा कुठली ते कळेनासं झालं.

गाडीतून बंडूभाऊंचा फोन आला. "मॅडम, इथं सगळे दिवे पेटले. मशीन बिघडली का?"

"नाही भाऊ. नीट झाली. रेल्वे पुलाखाली माणसं आहेत."

"पुलावरून तं मी रोजच जातो," बंडूभाऊ म्हणाले. "मले खाली दिसत जाय. कॅमेरा काही म्हने नाही, म्हनून मले वाटे, गाठोडे असन."

मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "सांगा, आधी कुठं जाऊ?"

शहरात गाडी एकच होती. हर्षाली एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. घंटा वाजतच होत्या.