आईच्या हातचं विरजण

पेशीदर्शक भिंतीवर केतकीताई दाभाडे यांच्या यकृताचा एक कोपरा निळसर उजेडात तरंगत होता, समुद्राच्या तळाशी कुणी दिवा विसरून गेल्यासारखा.

"या मधल्या आहेत ना, त्या गाठीच्या मूळपेशी," डॉ. तस्नीम मुकादम म्हणाल्या. "गाढ झोपलेल्या."

शाल लपेटून बसलेल्या केतकीताईंनी साठी कधीच ओलांडली होती. "गाठ काढलीत, औषधंही झाली. या कुठे लपल्या होत्या?"

"औषधाला जाग्या पेशीच दिसतात. दह्याचं भांडं रिकामं केलं तरी कडेला चमचाभर विरजण राहतं ना? दूध मिळालं की पुन्हा भांडंभर. म्हणून आज जागरद्रव्य टोचायचं. झोपलेल्या जाग्या होतील आणि औषधाच्या तावडीत सापडतील."

"मग टोचा."

"एक अडचण आहे," त्यांचा सहकारी डॉ. श्रीकर धोंगडे म्हणाला. त्याने बोट टेकवताच झोपलेल्या पेशींभोवती फिकट सोनेरी वलय उमटलं. "या वलयातल्या पेशी जाग्या आहेत. निद्रारस पाझरून मधल्यांना झोपवून ठेवतात. अशा पहारेकरणी आम्ही कुणातच पाहिल्या नव्हत्या. पण जनुकं तुमची नाहीत. निम्मीच जुळतात, आणि बाईची आहेत." तो घुटमळला. "बाळाच्या पेशी नाळेतून आईत उतरतात, वर्षानुवर्षं राहतात. तुम्हाला मुलगी..."

"लग्नच केलं नाही रे बाबा. आणि चोरूनही काही नाही. असतं तर लक्षात राहिलं असतं."

तस्नीम हसल्या आणि एकदम थांबल्या. "श्रीकर, नाळ दोन्हीकडे वाहते. आईच्याही पेशी बाळात उतरतात."



केतकीताईंना जन्म देताना त्यांची आई गेली होती. मावशीने वाढवलं. आईच्या हातचं म्हणून घरात एकच गोष्ट उरली होती, तिने लावलेल्या दह्याचं विरजण. मावशीने ते कधी मोडू दिलं नाही. पुढे केतकीताईंनीही नाही.

"आणि मधल्या पेशी कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच. मोठं व्हायचं विसरलेल्या."

"म्हणजे ती मलाच झोपवतेय." त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "आणि मी बाहेर झोपेची गोळी घेऊनही टक्क जागी."

"वलय विरळ झालंय," तस्नीम हलक्या आवाजात म्हणाल्या. "आमच्याच औषधाने. ते जाग्यांना मारतं, आणि या तर कायमच्या जाग्या. आज पुन्हा दिलं तर उरलेल्याही जातील. मग मूळपेशींतली एखादी चुकून वाचलीच, तर तिला झोपवायला कुणी नाही."

"आणि नाही दिलं तर?"

"यातली एक काढून बशीत वाढवायची आणि पुष्कळ झाल्या की परत सोडायच्या. पण काढताना वलयातलं खिंडार रुंदावेल. तेवढ्यात मधली एखादी जागी झाली, तर पुन्हा गाठ."

"विरजण काढताना भांडं हलतंच. काढा."

तस्नीमनी सुई उचलली. केतकीताईंचं लक्ष खिडकीकडे गेलं. दिवे लागत होते.

"आत्ता नको. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाहीत."

श्रीकरने कपाळाला हात लावला. तस्नीमनी सुई खाली ठेवली. "आमची अम्मीही देत नसे. सकाळी काढू."

सकाळी एक पेशी निघाली. बशीत तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मधल्या झोपलेल्याच राहिल्या. पावसाळा सरता सरता त्या सोनेरी पेशी परत घरी सोडल्या.

पुढच्या तपासणीला भिंत उजळली तेव्हा वलय कुठेच तुटलेलं नव्हतं. सांगायला म्हणून श्रीकर वळला. केतकीताईंची मान खुर्चीत कलली होती, तोंड किंचित उघडं.

"उठवू?"

तस्नीमनी भिंतीचा उजेड मंद केला.

"नको रे. आत्ता कुठे डोळा लागलाय."